काटा मोडला असता : शरीराच्या उपजत संरक्षणाचा पाठ



सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका वाडीवरील एकशिक्षकी शाळेत काम करीत असता घडलेला एक प्रसंग प्रथम निवेदन करतो. चौथीतील एक मुलगा दोन दिवस लंगडत शाळेत येत होता. गुरे राखताना त्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता. तो कवायतीला उभा राहीना, तेव्हा हा कंटाळा करतो आहे असे समजून मी त्यास चार शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. सायंकाळी त्याच्या घरी गेलो, तो त्याचे अंग तापाने फणफणत होते. पाऊल सुजून टरटरले होते, घोट्यापासून गुडघ्याकडे एक तांबडी रेघ चढली होती आणि जांघेत अवधाण आले होते. जखमेवर शेण व चुना यांचा लेप थापलेला होता. त्याच रात्री बैलगाडीने त्याला दवाखान्यात नेले. पाय चिरून पू काढावा लागला. अकरा दिवसांनी मुलगा घरी आला, तो सुदैवाने धडधाकट. परंतु त्याची आई मला एवढेच म्हणाली, “गुरुजी, आम्ही अडाणी. तुम्हांला तरी कळायला हवं होतं.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्या मुलाच्या पायावर जे जे दिसत होते, ते ते त्याचे शरीर मला सांगत होते. मला ती भाषा वाचता येत नव्हती. ती भाषा आपणां सर्वांस वाचता यावी व मुलांनाही शिकविता यावी, एवढ्यासाठी हा पाठ.

१. पाठाचा हेतू

रोगजंतूंशी झुंजण्याच्या शरीराच्या शक्तीचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. एक उपजत प्रतिकारशक्ती. ही जन्मतःच असते व जंतू शिरताच काही मिनिटांत कामाला लागते. दुसरी अर्जित प्रतिकारशक्ती. ही एकेका जंतूची ओळख पटवून घेऊन तयार होते, म्हणून तिला पहिल्या खेपेस काही दिवस लागतात, परंतु ती ती ओळख दीर्घकाळ स्मरणात ठेवते. लसीकरणाचा आधार ही दुसरी शक्ती होय. पाठ्यपुस्तकांतून लसीची माहिती येते; मात्र लस घेतलेली असो वा नसो, प्रत्येक जखमेत प्रथम धावून जाणाऱ्या पहिल्या शक्तीविषयी आपण वर्गात फारसे बोलत नाही. प्रस्तुत पाठात तिचाच विचार करावयाचा आहे.

२. तटबंदी

मुलांना प्रथम असे विचारावे : “आपण धुळीत खेळतो, मातीत हात घालतो, मग आपण रोज आजारी का पडत नाही?” उत्तरे येऊ द्यावीत, आणि मग शरीराची तटबंदी फळ्यावर मांडावी.

त्वचा हा पहिला तट. तिचा वरचा थर मृत पेशींचा असून तो सतत झडत असतो. त्याबरोबर त्यावर बसलेले जंतूही झडून जातात. घाम व त्वचेवरील स्निग्ध द्रव्य यांमुळे त्वचा किंचित आम्लधर्मी राहते, व तेथे पुष्कळ जंतूंना वाढणे कठीण जाते. शिवाय त्वचेवर व आतड्यात निरुपद्रवी जिवाणूंची मोठी वस्ती असते. त्यांनी जागा आधीच व्यापलेली असल्याने आगंतुकांस सहजासहजी पाय रोवता येत नाही.

नाक व श्वासनलिका यांतील चिकट द्रवात धूळ व जंतू अडकतात. श्वासनलिकेच्या अस्तरावरील अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू हा द्रव सारखा वर घशाकडे लोटीत असतात. तो गिळला गेला की जठरातील तीव्र आम्लात बहुतेक जंतू नष्ट होतात. अश्रू, लाळ व नाकातील स्राव यांत काही जिवाणूंचे कवच विरघळविणारे एक द्रव्य असते. त्याला लायसोझाइम म्हणतात. पुढे पेनिसिलिनच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याची माहिती १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. डोळ्यांत कचरा गेला असता पाणी येते ते निव्वळ धुण्यासाठी नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

३. परका कसा ओळखावा?

काटा मोडला की तट फुटतो. काट्याबरोबर मातीतील असंख्य जिवाणू आत शिरतात. आता खरा प्रश्न असा की, आत शिरलेली वस्तू आपली नव्हे, हे शरीरास कळते कसे?

येथे शेतातील उदाहरण घ्यावे. सकाळी भुईमुगाच्या रानात गेलेल्या शेतकऱ्यास रात्री डुक्कर येऊन गेल्याचे तत्काळ कळते. त्याने ते विशिष्ट डुक्कर पाहिलेले नसते, पाहण्याची गरजही नसते. पावलाचा ठसा व उकरलेली माती या खुणा त्याला पुरेशा असतात; कारण तसा ठसा माणसाचा नसतो आणि बैलाचाही नसतो. शिवाय कुंपण मोडलेले दिसले म्हणजे त्याचा संशय दृढ होतो.

शरीराची उपजत शक्ती नेमकी याच रीतीने चालते. पुष्कळ जिवाणूंच्या कवचात अशी काही द्रव्ये असतात की, जी मानवी पेशींत कधीच आढळत नाहीत, आणि ज्यांच्यावाचून जिवाणूंचे चालत नाही. आपल्या रक्षक पेशींच्या पृष्ठभागावर व अंतर्भागात अशा खुणा ओळखणारे प्रथिनांचे ग्राही असतात. खूण ग्राहीला जुळली, की पेशी जागी होते. तसेच इजा झालेल्या आपल्याच पेशी फुटून त्यांतील जी द्रव्ये बाहेर सांडतात, तीही धोक्याची सूचना देतात. हेच ते मोडलेले कुंपण.

ही कल्पना चार्ल्स जेनवे या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडली. त्या वेळी असे ग्राही फारसे ज्ञात नव्हते. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन व त्यांचे सहकारी फळांवरील चिलटांसारख्या बारीक माशीवर प्रयोग करीत होते. ‘टोल’ नामक जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरून जातात, असे त्यांना आढळले. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरांत टोलशी साम्य असलेले जनुक शोधले. ते बिघडले की उंदरांना एका जातीच्या जिवाणूंच्या कवचातील विषारी द्रव्याची जाणीवच होत नाही, असे दिसून आले. माशीत आणि उंदरात जंतू ओळखण्याची रीत मुळात एकच निघाली! मनुष्यामध्ये या घराण्यातील दहा ग्राही आहेत. हॉफमन व ब्यूटलर यांना २०११ मध्ये राल्फ स्टाइनमन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जेनवे तत्पूर्वीच, २००३ मध्ये, निवर्तले होते.

४. दाह म्हणजे काय?

खूण पटली, आता पुढे काय होते? ऊतींमध्ये वसती करून असणाऱ्या काही पेशी तत्काळ हिस्टामिन व तत्सम द्रव्ये सोडतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व तेथे अधिक रक्त येते. म्हणून जागा लाल व उष्ण होते. वाहिन्यांच्या भिंती किंचित सैल होऊन रक्तातील द्रव बाहेर झिरपतो. म्हणून सूज येते. सुजेचा ताण व काही रासायनिक द्रव्ये यांमुळे मज्जातंतू चेतविले जातात. म्हणून ठणका लागतो. लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदवून ठेविली आहेत. पुढे त्यांत पाचव्याची भर पडली : त्या अवयवाचे काम मंदावणे. माझा विद्यार्थी लंगडत होता ते हेच पाचवे लक्षण. मी त्याला कंटाळा म्हटले.

रुंदावलेल्या वाहिन्यांतून पांढऱ्या पेशी घटनास्थळी येतात. प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी साधारणतः निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या असतात. काही तासांतच त्या वाहिनीच्या भिंतीस चिकटतात, फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूंच्या दिशेने सरकत जाऊन त्यांना गिळून टाकतात. पेशीच्या आत तीव्र रासायनिक द्रव्यांनी जंतूंचा नाश होतो. या कामात न्यूट्रोफिल स्वतःही मरतात. जखमेतील पू म्हणजे ‘नासलेले रक्त’ नव्हे. मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू व ऊतींचा चुरा यांचे ते मिश्रण होय.

त्यांच्या मागोमाग मोठ्या भक्षक पेशी अधिक संख्येने येतात. त्या उरलेले जंतू व मृत पेशी गिळून जागा साफ करतात व जखम भरून येण्यास साहाय्य करतात. रक्तातील ‘पूरक प्रथिने’ जंतूंच्या अंगाला चिकटून त्यांस जणू खूण करतात. त्यामुळे भक्षक पेशींना त्यांना पकडणे सोपे जाते. काही जंतूंच्या कवचास ही प्रथिने छिद्रेही पाडतात.

विषाणू मात्र आपल्या पेशींच्या आत दडून वाढतात. अशी ग्रस्त पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. १९५७ मध्ये लंडन येथे आयझॅक्स व लिंडेनमन यांनी इंटरफेरॉनचा शोध लावला.

५. ताप कशासाठी?

भक्षक पेशी काही निरोप्या प्रथिने रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र आपली पातळी वर चढविते. अंग नेहमीइतकेच उष्ण असले तरी केंद्रास ते आता थंड भासते. म्हणूनच ताप चढताना हुडहुडी भरते. वाढलेल्या उष्णतेत पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते व रक्षक पेशींचे काम जलद होते. तेव्हा ताप हा स्वतः शत्रू नसून लढाई चालू असल्याची वर्दी आहे. तथापि वर्दी आली असता तिकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे.

६. एका काट्याचा इतिहास

मुलांना गोष्टीरूपाने सांगण्याजोगा भाग येथे येतो. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीतील सिसिली बेटावर मेसिना येथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. समोर तारामाशाची पाण्यासारखी पारदर्शक पिले होती आणि त्यांच्या शरीरातून पेशी फिरताना दिसत होत्या. या फिरत्या पेशी आगंतुक पदार्थांपासून शरीराचे रक्षण तर करीत नसतील? असे असेल, तर पिलाला काटा टोचला असता त्या काट्याभोवती जमल्या पाहिजेत. ते उठले, बागेतून गुलाबाचे काटे आणले व पिलांच्या त्वचेखाली खुपसले. उत्कंठेने त्यांना रात्रभर झोप लागली नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

आपल्या मुलाच्या पायात काटा मोडला असता जे घडते, तेच मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पिलात पाहिले. भक्षक पेशींच्या या शोधाबद्दल त्यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रांताशीही या परंपरेचा संबंध आहे. मेचनिकॉफ यांचे ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हे १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईस आले. त्यांनी तेथे प्लेगची लस सिद्ध केली व जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

७. या शक्तीच्या मर्यादा

हा भाग शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण अर्धवट ज्ञान येथे घातक ठरते. ‘शरीर आपले आपण बरे करते’ एवढेच मुलांच्या मनावर ठसले, तर पाठाने हित होण्याऐवजी अहितच होईल.

पहिली मर्यादा अशी की, जंतू पुष्कळ असले किंवा काट्याचा तुकडा आत राहिला, तर पहिली फळी कोलमडते. संसर्ग रसवाहिन्यांच्या वाटेने वर सरकला की त्या वाटेवर तांबडी रेघ उमटते, आणि जांघेतील गाठी फुगून अवधाण येते. माझ्या विद्यार्थ्याच्या पायावर दिसली ती हीच. ती रेघ म्हणजे लढाई वेशीवरून गावात शिरल्याची खूण होय.

दुसरी मर्यादा धनुर्वाताची. त्याचे जंतू बीजरूपाने मातीत व शेणात असतात. खोल, अरुंद, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत ते वाढतात व विष सोडतात. हे विष इतके जहाल असते की, रोग होण्यास पुरणारी मात्राही अर्जित प्रतिकारशक्ती जागी करण्यास अपुरी पडते. म्हणून एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्यासही लस घ्यावीच लागते. येथे उपजत शक्ती हतबल आहे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा, तसेच दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्प लस दिली जाते. हे वय शाळेचे आहे, हे ध्यानात ठेवावे. जखमेवर शेण, माती, चुना वा मशेरी लावणे म्हणजे तट फुटलेला असता शत्रूस आपल्या हाताने आत घेणे होय.

तिसरी मर्यादा अशी की, ही शक्ती कधी कधी बेसुमार भडकते. संसर्गास शरीराने दिलेले उत्तर हाताबाहेर जाऊन आपल्याच अवयवांस इजा करू लागले, तर त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. तीत प्राण धोक्यात येतात. म्हणून प्रतिकारशक्ती ‘जितकी वाढेल तितकी चांगली’ असे समजू नये व तसे सांगून विकल्या जाणाऱ्या चूर्णांस व काढ्यांस भुलू नये. पुरेसा व चौरस आहार, झोप, हातांची स्वच्छता आणि वेळेवर लस यांवर भर द्यावा.

८. वर्गातील मांडणी

प्रयोग : दोन सारखे टोमॅटो घ्यावेत. एक अखंड ठेवावा; दुसऱ्यास शिक्षकाने स्वतः मातीत बुडविलेली सुई तीनचार ठिकाणी टोचावी. दोन्ही वेगवेगळ्या झाकलेल्या भांड्यांत ठेवून मुलांकडून रोज निरीक्षणे लिहून घ्यावीत. टोचलेला टोमॅटो आधी नासेल. मात्र पुढे विचारावे : “तुमच्या पायाला टोचले, तर पाय असा नासत का नाही?” टोमॅटोत तट आहे, परंतु आपल्यासारख्या फिरत्या रक्षक पेशी नाहीत, हे उत्तर मुलांकडूनच यावे. प्रयोगानंतर टोमॅटो पुरून टाकावेत व हात साबणाने धुवावेत.

फलकलेखन : तट फुटला – खूण पटली – वर्दी गेली – रक्षक आले – सफाई झाली – जखम भरली. या सहा पायऱ्या मुलांकडून चित्रांत काढून घ्याव्यात.

सूचना : लढाई, शत्रू, वर्दी हे शब्द समजुतीपुरते आहेत. पेशीस राग येत नाही, की शौर्य गाजविण्याची इच्छा होत नाही. रासायनिक खुणा जुळल्या की तिच्यात बदल घडतात, इतकेच. पाचवी ते आठवीच्या मुलांना हे स्पष्ट सांगावे.

प्रश्न : (१) काटा मोडलेली जागा लाल का होते? (२) पू कशाचा बनतो? (३) ताप चढताना थंडी का वाजते? (४) तळपायाच्या जखमेने जांघेत गाठ का येते? (५) जखमेवर शेण का लावू नये?

९. शिक्षकाचे कर्तव्य

मूल लंगडताना दिसले की प्रथम त्याचा पाय पाहावा. रागे भरण्याचा विचार मागाहून करावा. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने काढावा; सुईने खोल उकरू नये. स्वच्छ कापड बांधावे, आणि धनुर्वाताची लस केव्हा झाली होती याची चौकशी करून जखम खोल वा मळलेली असल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. लालीच्या कडेने पेनाने रेघ आखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असल्यास विलंब करू नये. ताप, वर चढणारी तांबडी रेघ, जांघेत वा काखेत गाठ, वाढता ठणका, गुंगी किंवा जोराचा श्वास यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, आणि जबडा आखडू लागल्यास तर तत्क्षणी, मुलास दवाखान्यात पोहोचवावे. शाळेच्या वेळेचा विचार करू नये.

तो मुलगा आज चार एकर बागाईत करतो. मागील वर्षी शाळाभेटीच्या निमित्ताने त्या वाडीवर गेलो असता तो आपल्या मुलीला शाळेत सोडण्यास आला होता. मुलीच्या पायात नवे बूट होते. त्याकडे बोट दाखवून तो हसला व म्हणाला, “गुरुजी, काट्याची वाट नको म्हणून.” मी मुलीस विचारले, “काटा मोडला तर काय करशील?” ती म्हणाली, “धुईन, आणि बाईंना सांगीन.”

बाईंना सांगितल्यावर बाईंना कळले पाहिजे, इतकीच या पाठामागील अपेक्षा आहे.

— शिक्षण विस्तार अधिकारी